लॅपटॉप, हब आणि दोन पडदे : वहनक्षमतेचा विचार

हस्तलिखितांचे पाठ जुळविणे, जुन्या ग्रंथांच्या छायाप्रतींवरून मजकूर उतरून घेणे, कोशाच्या नोंदी मूळ आधारांशी ताडून पाहणे, ही कामे लॅपटॉपच्या तेरा-चौदा इंची पडद्यावर फार वेळ करता येत नाहीत. मूळ पानाची प्रतिमा आणि उतरविलेला पाठ ही दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असावी लागतात. आणि एखादे चिन्ह अनुस्वार आहे की कागदावरील डाग आहे, याचा निर्णय करण्यासाठी प्रतिमा पुष्कळ मोठी करून पाहावी लागते. म्हणून लॅपटॉपला एक किंवा दोन मोठे मॉनिटर बाहेरून जोडण्याची गरज भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनाही भासू लागली आहे. अलीकडच्या पातळ लॅपटॉपला मात्र बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी पुष्कळदा यूएसबी-सी प्रकारची एक-दोनच पोर्टे असतात. त्यांतील एकात तळहाताएवढे हब बसवावयाचे आणि त्या हबमधून मॉनिटर, कळफलक, पेनड्राइव्ह व चार्जर या सर्वांची सोय लावावयाची, असा मार्ग साहजिकच पत्करला जातो.

येथपर्यंत सर्व सरळ दिसते. अडचण सुरू होते ती जोडणी झाल्यानंतर. हबच्या खोक्यावर ‘४के’ असे ठळक छापलेले असते, मॉनिटरही ४के असतो, चित्रही उमटते. परंतु माउसचा बाण अडखळत सरकतो आणि पान वर-खाली करताना अक्षरे तुटक हलतात. कोठे दुसरा मॉनिटर पहिल्याचीच हुबेहूब नक्कल दाखवितो, कोठे तो मुळीच उजळत नाही, तर कोठे रंगीत अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात. अशा वेळी बहुधा मॉनिटरवर खापर फुटते. तो बदलून आणला जातो, आणि दोष तसाच राहतो. अनुदानातून घेतलेल्या साहित्याच्या बाबतीत ही चूक विशेष महाग पडते, कारण एकदा नोंदवहीत चढलेली वस्तू पुन्हा घेण्यास वर्षभर तरी संधी मिळत नाही. वस्तुतः वरील बहुतेक तक्रारींचे मूळ एका साध्या गुणाकारात सापडते, आणि तो गुणाकार खरेदीपूर्वी कागदावर करता येतो.

प्रथम हबचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. हब चित्र निर्माण करीत नाही. चित्र तयार होते ते लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिपमध्ये. तेथून ते पोर्टाच्या तारांमधून बाहेर पडते. आणि हब ते घेऊन निरनिराळ्या तोंडांवाटे पुढे पाठविते. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हा न्याय येथे अक्षरशः लागू पडतो. लॅपटॉपचे पोर्ट जेवढी माहिती बाहेर सोडते तिच्याहून अधिक माहिती कोणतेही हब, मग त्याची किंमत काहीही असो, मॉनिटरपर्यंत पोहोचवू शकत नाही. एक अपवाद आहे, त्याचा विचार पुढे येईल.

४के पडद्याचा आग्रह तरी कशासाठी, असाही प्रश्न विचारला जाईल. देवनागरीपुरते उत्तर सोपे आहे. २४ इंची साध्या फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, बसतात. २७ इंची ४के पडद्यावर सुमारे १६३. रोमन अक्षर थोड्या बिंदूंवर निभावून जाते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षराची दुसरी मजल असा व्याप असतो, आणि तो सर्व एकाच ओळीच्या उंचीत मावावा लागतो. ‘द्ध’ आणि ‘ध्द’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद लहान आकारात दाखविण्यास बिंदूंची ही वाढीव दाटी फार उपयोगी पडते. मुद्रितशोधनास बसणाऱ्यास हे सांगावयास नकोच.

आता तो गुणाकार. ४के पडद्यावर आडवे ३८४० व उभे २१६० पिक्सेल असतात. एकूण ८२ लाख ९४ हजार ४००. प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या व निळ्या अंशांसाठी प्रत्येकी ८, म्हणजे एकंदर २४ बिट लागतात. हे सबंध चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवावयाचे असते. त्यालाच ६० हर्ट्झ म्हणतात. गुणाकार सुमारे ११.९४ गिगाबिट येतो. एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी बिट. परंतु प्रत्यक्षात याहून थोडे अधिक लागते. जुन्या काचनळीच्या पडद्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत एक ओळ संपवून पुढील ओळीच्या आरंभी परत येई, तेव्हा त्याला थोडा रिकामा वेळ द्यावा लागे. काचनळ्या गेल्या, तरी ती रिकामी जागा आटोपशीर रूपात टिकून आहे. प्रचलित मोजणीत ३८४० ऐवजी ४००० व २१६० ऐवजी २२२२ धरावे लागतात, आणि एका ४के चित्रप्रवाहाची गरज ६० हर्ट्झला सुमारे १२.८ गिगाबिट प्रतिसेकंद ठरते. ३० हर्ट्झला ती ६.३ च्या आसपास येते. १२.८ हा आकडा ध्यानात ठेविला म्हणजे पुढील सर्व विवेचन सुगम होते.

एवढी माहिती वाहून नेणाऱ्या मार्गाकडे आता वळावयाचे. यूएसबी-सी या जोडणीचे मानक २०१४ साली प्रसिद्ध झाले. तिच्या इवल्याशा तोंडात २४ पिना असतात, व ती उलटसुलट कशीही बसते. त्या पिनांपैकी काही वीजपुरवठ्यासाठी व काही जुन्या, मंद यूएसबीसाठी राखलेल्या असतात. अतिवेगवान वाहतुकीसाठी तारांच्या जोड्यांच्या चार मार्गिका असतात. तंत्रज्ञ त्यांना लेन म्हणतात. मॉनिटरकडे चित्र नेणारी डिस्प्लेपोर्ट ही पद्धतीही चार मार्गिकांचीच आहे. या योगायोगाचा लाभ घेऊन २०१४ मध्येच अशी योजना करण्यात आली की, यूएसबी-सीच्या त्याच मार्गिका लॅपटॉप व मॉनिटर यांच्या परस्पर संमतीने डिस्प्लेपोर्टच्या स्वाधीन कराव्या. या योजनेस आल्टरनेट मोड असे नाव आहे. ती पोर्ट बनविणाऱ्यांवर बंधनकारक मात्र नाही. त्यामुळे दोन लॅपटॉपांची पोर्टे दिसावयास अगदी सारखी असूनही एकातून चित्र बाहेर येते व दुसऱ्यातून येत नाही, असे घडते. तोंडाच्या आकारावरून आतील सामर्थ्याचा अंदाज बांधता येऊ नये, हा या अन्यथा उत्तम जोडणीतील मोठाच दोष म्हटला पाहिजे.

प्रत्येक मार्गिकेचा वेग डिस्प्लेपोर्टच्या आवृत्तीवर अवलंबून असतो. २०१० च्या १.२ आवृत्तीत तो मार्गिकेस ५.४ गिगाबिट आहे. परंतु संकेत सुस्थितीत राहावा म्हणून दर आठ बिटांऐवजी दहा बिट पाठवावे लागतात. म्हणून उपयुक्त वेग ४.३२ उरतो. चार मार्गिकांचा मिळून १७.२८ होतो, आणि १२.८ गरजेचा एक ४के प्रवाह त्यात सहज मावतो. मग हबमध्ये तो का मावू नये?

कारण हबला केवळ चित्र न्यावयाचे नसते. त्याला पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क व इंटरनेटची तार यांनाही वेगवान वाट द्यावयाची असते, आणि अशी वाट देण्यास दोन मार्गिका खर्ची पडतात. म्हणून बाजारातील बहुसंख्य लहान हबे चारपैकी दोनच मार्गिका चित्राला देतात व दोन यूएसबीकरिता ठेवतात. दोन मार्गिकांची क्षमता होते ८.६४ गिगाबिट. १२.८ ची गरज तीत भागत नाही, ६.३ ची भागते. लॅपटॉप व मॉनिटर यांच्यात जोडणीच्या क्षणी जी बोलणी होतात, त्यांत मॉनिटर आपल्याला काय काय दाखविता येते त्याची यादी कळवितो, लॅपटॉप तारेची क्षमता अजमावितो, आणि दोघे निमूटपणे ३० हर्ट्झवर तडजोड करतात. कोणताही इशारा पडद्यावर येत नाही. खोक्यावर ४के छापलेले असते ते खोटे नसते; फक्त किती हर्ट्झ हे तेथे बारीक अक्षरांत असते किंवा मुळीच नसते.

३० हर्ट्झ म्हणजे काम अशक्य, असे नव्हे. स्थिर पानाची प्रतिमा न्याहाळीत बसावयाचे असेल तर दोन्हींत फरक जाणवत नाही, कारण चित्र बदलतच नाही. परंतु माउस हलविला, पान सरकविले किंवा मजकूर टंकित केला, की बदल दिसण्यास सुमारे १७ ऐवजी ३३ सहस्रांश सेकंदांचे टप्पे पडतात, आणि हात व डोळा यांची सांगड सैल होते. दिवसाचे सहा तास पाठ उतरवून घेणाऱ्यास हा सौदा करू नये असेच सुचवावे लागेल.

यावर तोडगा दोन प्रकारांनी निघतो. एक, चारही मार्गिका चित्राला द्याव्या. अशा हबमध्ये कळफलक व माउस उत्तम चालतात, परंतु डिस्कवरून नकला करण्याचा वेग जुन्या यूएसबीचा, म्हणजे कमाल ४८० मेगाबिटांचा राहतो. काही मॉनिटरांमध्येच हब अंतर्भूत असते. त्यांच्या मेनूत ‘चित्राची सुस्पष्टता’ की ‘माहितीचा वेग’ यांतून निवड करावयास लावणारा पर्याय आढळतो, तो याच वाटणीचा होय. दुसरा प्रकार म्हणजे मार्गिका दोनच ठेवून त्यांचा वेग वाढविणे. २०१६ च्या १.४ आवृत्तीत मार्गिकेचा वेग ८.१ गिगाबिट असू शकतो. दोन मार्गिकांची उपयुक्त क्षमता १२.९६ होते. १२.८ ची गरज तीत बसते, पण केवळ काठोकाठ. रंगांची सूक्ष्मता वाढवून प्रत्येक अंशाला ८ ऐवजी १० बिट घेतले की गरज १६ च्या घरात जाते, आणि पुन्हा जागा अपुरी पडते. शिवाय ही आवृत्ती लॅपटॉप आणि हब या दोघांनाही अवगत असली पाहिजे. एकाला येत नसेल तर दुसऱ्याचे ज्ञान वाया जाते.

बहुतेक हबांवर मॉनिटरसाठी जे तोंड असते ते एचडीएमआयचे. लॅपटॉपमधून निघालेले डिस्प्लेपोर्टचे चित्र हबमधील एक चिप एचडीएमआयच्या भाषेत उतरविते. ही चिप २००९ च्या १.४ आवृत्तीची असेल तर तिच्यातून ८.१६ गिगाबिटच पलीकडे जातात, म्हणजे पुन्हा ४के ३० हर्ट्झलाच अडते. २०१३ च्या २.० आवृत्तीत ही मर्यादा १४.४ झाली व ६० हर्ट्झ शक्य झाले. अपुऱ्या मार्गावरून ६० हर्ट्झ रेटण्याची आणखी एक युक्ती आहे, आणि तिच्याविषयी पोथ्यांच्या अभ्यासकांनी विशेष सावध असावे. प्रकाशाची तीव्रता प्रत्येक पिक्सेलची पाठवावयाची, परंतु रंग मात्र चार पिक्सेलांच्या चौकोनास मिळून एकच पाठवावयाचा, अशी ती युक्ती होय. तंत्रज्ञ तिला ४:२:० म्हणतात. चलच्चित्रात ती उमगतही नाही. पांढऱ्यावर काळे अक्षरही बऱ्यापैकी निभावते. पण हिंगुळाने लिहिलेली पुष्पिका, गेरूने रंगविलेले दंड, किंवा शोधकाने लाल अक्षरांत केलेल्या दुरुस्त्या यांच्या कडा पसरतात, आणि ज्या बारकाव्यासाठी मोठा पडदा घेतला तोच बारकावा हातचा जातो. मॉनिटरचा दर ६० दिसतो व तरीही लाल अक्षर धूसर दिसते, तेव्हा पहिला संशय या युक्तीवर घ्यावा.

दोन मॉनिटरांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. एकाच तारेतून दोन स्वतंत्र चित्रे पाठविण्याची रीत डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीतच आली. तिला मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट म्हणतात. टपालाच्या एकाच थैलीत दोन गावांची पत्रे घालावी व हबने ती वेगळी करावी, तसा हा प्रकार आहे. थैलीचे माप मात्र तेवढेच राहते. दोन ४के चित्रांस २५.६ गिगाबिट हवेत. १.४ आवृत्तीच्या चार मार्गिकांची क्षमता आहे २५.९२. वरवर पाहता काम झाले असे वाटते. परंतु या पद्धतीत दर ६४ कप्प्यांपैकी एक कप्पा हिशेबासाठी राखून ठेवावा लागतो, आणि उरतात सुमारे २५.५. एवढ्याशा फरकाने दोन चित्रे बाहेर राहतात. रिकामी जागा आणखी कमी करणारी मोजणी वापरली तर ती आत येतात; अथवा १.४ आवृत्तीतच दाखल झालेल्या डिस्प्ले स्ट्रीम कम्प्रेशन या पद्धतीने चित्र दाटून पाठवितात, व डोळ्यांस फरक कळत नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या चिपला चित्र दाटता आले पाहिजे आणि हबला किंवा मॉनिटरला ते उलगडता आले पाहिजे.

याहून मोठा अडसर पुष्कळदा तारेत नसून संगणकाच्या प्रणालीत असतो. विंडोज ही प्रणाली मल्टी-स्ट्रीम पद्धत जाणते. अ‍ॅपलची मॅकओएस या पद्धतीने पडद्याचा विस्तार करू देत नाही. तिच्यावर अशा हबचे दोन्ही मॉनिटर एकच चित्र दाखवितात. हब सदोष आहे असे समजून ते परत करणाऱ्यांत मॅकबुक वापरणाऱ्यांचा भरणा असतो, याचे कारण हेच. त्यातच २०२० ची एम१ व २०२२ ची एम२ चिप असलेल्या मॅकबुक एअरला मुळात एकच बाह्य पडदा चालविता येतो. २०२४ च्या एम३ चिपच्या मॅकबुक एअरला लॅपटॉपचे झाकण मिटले असता दोन चालतात, आणि २०२५ च्या एम४ च्या यंत्रास झाकण उघडे असतानाही दोन चालतात. ही मर्यादा चिपमध्येच घडलेली असल्यामुळे सामान्य हबने ती ओलांडता येत नाही.

थंडरबोल्ट या जोडणीने वरील कोंडी बऱ्याच अंशी फुटते. २०१५ च्या थंडरबोल्ट ३ पासून तिचे तोंड यूएसबी-सीचेच आहे, पण क्षमता ४० गिगाबिटांची आहे आणि तीतून दोन डिस्प्लेपोर्ट प्रवाह स्वतंत्रपणे नेता येतात. त्यामुळे मल्टी-स्ट्रीम पद्धतीवाचून मॅकवरही, चिपची परवानगी असल्यास, दोन मॉनिटर लागतात. २०२० च्या थंडरबोल्ट ४ मध्ये दोन ४के पडदे ६० हर्ट्झला चालविणे ही लॅपटॉपवर अटच घालण्यात आली. पोर्टाजवळ विजेच्या बाणाची खूण असल्यास ते थंडरबोल्टचे समजावे. या जातीची डॉक नावाची मोठी हबे महाग असतात, व साध्या यूएसबी-सी लॅपटॉपला जोडली तर काही मुळीच चालत नाहीत आणि काही आपली निम्मी शक्ती घरी ठेवून चालतात. लॅपटॉप थंडरबोल्टचा नसताना असे डॉक घेणे हा निव्वळ अपव्यय होय.

वर उल्लेखिलेला अपवाद म्हणजे डिस्प्लेलिंक पद्धतीची हबे. यांत चित्र चित्राच्या मार्गिकांवरून जातच नाही. लॅपटॉपमध्ये बसविलेला एक ड्रायव्हर पडद्यावर झालेले बदल टिपतो, दाटतो आणि सामान्य माहितीप्रमाणे यूएसबीवरून धाडतो. हबमधील चिप त्यातून पुन्हा चित्र उभे करते. त्यामुळे एकाच पडद्याच्या मॅकबुकलाही दुसरा व तिसरा पडदा लाभतो. मोबदला असा की, हे सर्व श्रम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला पडतात, ड्रायव्हर नसलेल्या यंत्रावर हब निरुपयोगी ठरते, आणि वेगाने हलणारे चित्र अडखळू शकते. पाठ उतरविणे, टंकलेखन, कोश चाळणे यांस ही पद्धत पुरेशी आहे. रंगांची पारख करावयाच्या कामास ती घेऊ नये.

केबल व वीज यांविषयी थोडक्यात सांगता येईल. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या यूएसबी-सी केबलमध्ये अनेकदा वेगवान मार्गिकांच्या तारा घातलेल्याच नसतात. तिच्यातून वीज जाते, चित्र जात नाही. हबमधून लॅपटॉप चार्ज करावयाचा असल्यास हब काही वॅट स्वतःसाठी ठेवून घेते, हे धरून चार्जर थोडा मोठा निवडावा. वीज अपुरी पडली की मॉनिटर मध्येच काळा होऊन परत उजळतो, आणि हा दोष चित्रमार्गाचा असावा असा भास होतो.

दोष शोधताना हब सर्वांत शेवटी नव्हे, तर सर्वांत प्रथम बाजूला काढावे. यूएसबी-सीपासून डिस्प्लेपोर्टपर्यंत जाणारी एकच सरळ केबल घेऊन मॉनिटर थेट लॅपटॉपला जोडावा आणि डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये दर किती दिसतो ते पाहावे. तेथे ६० दिसला व हबमार्गे ३० दिसला, तर मर्यादा हबमधील वाटणीची आहे. थेट जोडूनही ३०च राहिला, तर लॅपटॉपच्या पोर्टाचे, केबलचे किंवा मॉनिटरच्या मेनूतील आवृत्तीच्या निवडीचे कारण असू शकते. थेट जोडणीत चित्रच आले नाही, तर निर्मात्याने दिलेल्या तपशिलात त्या पोर्टास डिस्प्लेपोर्टची सोय आहे की नाही, एवढेच पाहावयाचे राहते.

ज्या विभागापाशी जुना, १.२ आवृत्तीचा विंडोज लॅपटॉप आहे आणि नवा घेण्यास पैसा नाही, त्यानेही निराश होण्याचे कारण नाही. दोन्ही पडदे ४के असलेच पाहिजेत असे नाही. पोथीच्या प्रतिमेसाठी एक ४के पडदा ६० हर्ट्झला घेतला आणि उतरविलेल्या पाठासाठी साधा फुल एचडी पडदा ठेविला, तर १२.८ आणि ३.३ मिळून गरज १६.१ गिगाबिट होते. चार मार्गिका चित्राला देणाऱ्या मल्टी-स्ट्रीम हबमधून हिशेबाचा कप्पा वजा जाता १७ मिळतात, आणि दोन्ही चित्रे पूर्ण दराने बसतात. लॅपटॉपच्या कडेला स्वतंत्र एचडीएमआयचे तोंड असेल, तर फुल एचडी पडदा सरळ तेथे लावावा. मग हबवर ४केचा एकच भार राहतो.